राखणीच्या कुत्र्याचा हक्क

रत्नागिरीच्या हापूस बागांत फळ धरल्यापासून शेवटची पेटी बांधली जाईपर्यंत राखणीची गरज असते. वानर-माकडांचे कळप आणि चोर यांच्यापासून फळ वाचविण्यासाठी राखणदाराच्या सोबतीला मांगराशी एखादा कुत्रा ठेवला जातो. मृगाचा पाऊस लागला की राखणदार आपल्या गावी परततो, मांगराला कुलूप लागते. कुत्रा मात्र पुष्कळदा तेथेच मागे राहतो. ‘हंगाम संपला, आता त्याला कोण पोसणार? घरखर्चाचीच ओढाताण आहे,’ असे कित्येक बागायतदार बंधू म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. तथापि या बाबतीत शरीअतने आपल्यावर काय बंधन घातले आहे, ते प्रत्येकाने जाणून घेतले पाहिजे.

कुत्रा कशासाठी पाळावा?

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसनुसार, जो कुत्रा पाळतो त्याच्या सत्कर्मांतून दररोज एक कीरात कमी होतो, शेतीच्या व गुराढोरांच्या राखणीचा कुत्रा मात्र याला अपवाद आहे. अन्य रिवायतींत शिकारीच्या कुत्र्याचाही अपवाद आला आहे. शिकवलेल्या शिकारी जनावराने धरून आणलेल्या शिकारीचा आदेश सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत आहे. घराच्या राखणीसाठी कुत्रा ठेवणे हेदेखील याच नियमाच्या आधारे जाइज असल्याचे मत इमाम नववी (रह.) यांनी अधिक योग्य मानले आहे. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. निव्वळ हौस म्हणून कुत्रा पाळणे आपल्यासाठी नाही; आणि आंब्याच्या बागेची राखण ही शेतीचीच राखण असल्याने तेथे कुत्रा ठेवण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

पाळला की पोसणे वाजिब

तहानेने व्याकूळ होऊन ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी एक मनुष्य विहिरीत उतरला, आपला चामडी मोजा पाण्याने भरून तो दातांत धरून वर आला आणि त्याने कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याला क्षमा केली. ही हदीस आपण नेहमी ऐकतो. पण लक्षात घ्या, तो कुत्रा त्याचा नव्हता. परक्या कुत्र्याला पाणी पाजणे हा एहसान होता, म्हणून त्याचे बक्षीस मिळाले. आपण स्वतः आणून बांधलेल्या, आपल्या बागेसाठी रात्र-रात्र जागणाऱ्या कुत्र्याला खाऊ घालणे हे मात्र कर्तव्य आहे. ज्या स्त्रीने मांजरीला कोंडून ठेवले, तिला खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला सोडलेही नाही, तिला त्यापायी शिक्षा झाल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे.

सातव्या हिजरी शतकातील थोर शाफई विद्वान इमाम इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम (रह.) यांनी जनावरांचे माणसावरील हक्क नोंदविताना म्हातारपणाने किंवा आजारपणाने निरुपयोगी झालेल्या जनावराचाही खर्च मालकाने करावा, असे स्पष्ट केले आहे. काम संपले म्हणून हक्क संपत नाही, हा त्याचा अर्थ. देशाचा कायदाही याच दिशेने जातो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार मालकाने आपल्या प्राण्याला पुरेसे अन्नपाणी न देणे, तसेच तो भुकेने-तहानेने तळमळेल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे.

म्हणून बागेच्या हिशेबात खत, फवारणी आणि राखणदाराची मजुरी लिहिताना कुत्र्याचा खर्चही तेथेच लिहावा. सदक्याच्या सदरात नव्हे. पेट्यांचे पैसे हाती येतील तेव्हाच पावसाळ्यातील चार महिन्यांची रक्कम बाजूला काढावी.

मिळकत तुटपुंजी असेल तर

अल्लाह कोणावरही त्याच्या ऐपतीपलीकडचा भार टाकत नाही. कुत्र्याला बाजारातील महागडे खाद्य हवेच असे नाही.

१. तांदळाची कणी शिजवून तीत काटे काढलेली उकडलेली स्वस्त मासळी, कधी अंडे, कधी भोपळा घालावा. मीठ-मसाला घालू नये.

२. दावतीतील उरलेली बिर्याणी किंवा सालन देऊ नये. कांदा व लसूण कुत्र्याला विषासमान आहेत. शिजलेली हाडे फुटून आतड्यात रुततात. मनुका आणि चॉकलेटही वर्ज्य. गळलेल्या आंब्याचा बाठा गिळल्यास आतडे तुंबते, म्हणून मांगराभोवतीचे बाठे उचलावेत.

३. स्वच्छ पाणी सदैव ठेवावे. पावसात गोठ्याच्या वळचणीला कोरडी, जमिनीपासून थोडी उंच जागा आणि एक गोणपाट पुरेसे आहे.

४. पैसे कमी असतील तर इतर सर्व खर्चांआधी रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली मात्रा व पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, साधारणतः दरवर्षी. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. खासगीपेक्षा तेथे खर्च कमी येतो. जंताचे औषधही तेथेच विचारावे. माणसांच्या गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत.

५. कुत्रा कोणालाही चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालय गाठावे. हळद-चुना लावून वेळ दवडू नये.

६. शेजारच्या दोन-तीन बागायतदारांनी मिळून एकच कुत्रा ठेवला तर खर्च वाटला जातो. वर्षभर पोसणे खरोखरच अशक्य असेल तर ज्याला राखणीची गरज आहे अशा शेतकऱ्याच्या किंवा धनगराच्या हाती तो सोपवावा. शाफई मसलकात कुत्र्याची खरेदी-विक्री जाइज नाही, म्हणून त्याचा मोबदला घेऊ नये. हे काहीच जमणार नसेल तर मुळात पिल्लू आणूच नये.

पाकीचा प्रश्न

कोकणातील मुसलमान बहुसंख्येने शाफई आहेत. या मसलकानुसार कुत्र्याचे संपूर्ण शरीर नापाक असून लाळ किंवा ओला स्पर्श लागलेली वस्तू सात वेळा, त्यांपैकी एकदा मातीमिश्रित पाण्याने धुवावी लागते. दोन्ही बाजू कोरड्या असतील तर नापाकी लागत नाही. हनफी मसलकात लाळ नापाक असून तीन वेळा धुणे पुरेसे मानले जाते. व्यवहारात कुत्र्याचे भांडे वेगळे, बागेत जाण्याचे कपडे वेगळे आणि नमाजाची जागा दूर ठेवली की अडचण उरत नाही. मुलांना हे नियम शिकवताना एक गोष्ट आवर्जून सांगावी: नापाकीचा आदेश धुण्यासाठी आहे, दगड मारण्याची किंवा लाथाडण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

सूरह अल-कहफमध्ये गुहेतील त्या ईमानवंत तरुणांचा वृत्तांत सांगताना अल्लाहने उंबरठ्याशी पुढचे पाय पसरून बसलेल्या त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख केला आहे. सज्जनांच्या दाराशी बसलेल्या एका मुक्या प्राण्याला कियामतपर्यंत तिलावत होणाऱ्या ग्रंथात स्थान मिळाले. आपल्या मांगराच्या दाराशी बसलेल्या प्राण्याविषयीही उद्या आपल्याला विचारणा होणार आहे. या मृगात बागेचे फाटक लावण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे.

आपल्या हाताखालील प्रत्येक जिवाचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.