क्रीडा शिबिराचे स्वयंपाकगृह : नियोजन आणि व्यवस्था

क्रीडा शिबिराची आखणी करताना मैदान, मार्गदर्शक, क्रीडासाहित्य आणि निवास यांचा विचार प्रथम होतो. भोजनाची बाब बहुधा शेवटी येते आणि ती एखाद्या आचाऱ्यावर सोपवून आयोजक मोकळे होतात. वास्तविक दिवसाकाठी चार-पाच तास धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या दृष्टीने स्वयंपाकगृह हे मैदानाइतकेच महत्त्वाचे प्रशिक्षणस्थान होय.

हे महत्त्व किती खोलवरचे आहे, याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. धाराशिव (उस्मानाबाद) येथील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. २०२० साली त्यांची अर्जुन पुरस्कारासाठी निवड झाली, तेव्हा त्यांनी सांगितले की, खेळू लागल्यावर जवळजवळ दहा वर्षे त्यांना दिवसातून एकदाच जेवण मिळे. आहाराची वेगळी सोय होई ती शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर. ग्रामीण भागातून येणाऱ्या अनेक खेळाडूंसाठी शिबिराचे ताट म्हणजे वर्षातील मोजक्याच पुरेशा ताटांपैकी एक असते. ते वेळेवर, पुरेसे आणि निर्धोक मिळावे, यासाठी काय करावे लागते, त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जागेची निवड आणि पूर्वतयारी

विवेचन नेमके व्हावे म्हणून छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठा गावी, शाळेच्या आवारात, उन्हाळी सुटीत १०० खेळाडूंचे १० दिवसांचे निवासी शिबिर भरवावयाचे आहे, असे गृहीत धरू. मार्गदर्शक, स्वयंपाकी व मदतनीस मिळून आणखी १५ माणसे, म्हणजे रोज ११५ जणांचे जेवण झाले.

अजिंठा हे सिल्लोड तालुक्यातील गाव डोंगररांगेच्या माथ्यावर आहे. जगप्रसिद्ध लेणी येथून घाट उतरल्यावर, सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळ वाघूर नदीच्या खोऱ्यात आहेत. प्रवाशांसाठी बांधलेली जुनी सराई आजही गावात उभी आहे. मोठ्या समुदायाचा मुक्काम या गावाला नवा नाही. किराणा, धान्य व भाजीपाला यांसाठी सिल्लोडची बाजारपेठ सोयीची आहे, तर घाटाखालून जळगावकडची केळी सहज येऊ शकतात. उन्हाळ्यात मात्र येथे पाण्याची चणचण भासते आणि पारा ४० अंशांवर जातो. या दोन गोष्टींवरच स्वयंपाकगृहाची सारी आखणी अवलंबून राहते.

शिबिरापूर्वी किमान १५ दिवस आयोजकांनी प्रत्यक्ष जागा पाहावी. स्वयंपाकाची जागा छपराखाली, हवेशीर आणि स्वच्छतागृहापासून दूर असावी. कोठीघराला कुलूप हवे. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. घरगुती १४.२ किलोची गॅस टाकी अशा कामासाठी वापरता येत नाही. १९ किलोच्या व्यावसायिक टाक्यांची मागणी आधी नोंदवावी व त्या स्वयंपाकगृहाबाहेर उभ्या ठेवाव्यात.

शिध्याचा हिशोब

भारतीय वैद्यक संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी सुमारे ३,३२० आणि मुलीला २,५०० उष्मांक लागतात. १३ ते १५ वर्षांच्या वयोगटासाठी हेच आकडे अनुक्रमे २,८६० व २,४०० आहेत. हे मान मध्यम श्रमाचे आहे. शिबिरातील श्रम त्याहून अधिक असतात. म्हणून दर माणशी, दर दिवशी पुढीलप्रमाणे शिधा धरावा :

धान्य (ज्वारी, गहू, तांदूळ, पोहे मिळून) — ४५० ग्रॅम
डाळी व कडधान्ये — १०० ग्रॅम
भाज्या — ३५० ग्रॅम, त्यांपैकी पालेभाजी १०० ग्रॅम
दूध, दही व ताकासाठी दूध — ४०० मिलिलिटर
शेंगदाणे — ४० ग्रॅम
गूळ व साखर — ५० ग्रॅम
तेल — ४० ग्रॅम
केळी — २
अंडे — १, किंवा त्याऐवजी जादा दूध व शेंगदाण्याची चिक्की

यातून सुमारे ३,३०० उष्मांक मिळतात. ११५ माणसांच्या १० दिवसांच्या मुक्कामास या मानाने सुमारे ५२० किलो धान्य, ११५ किलो डाळी-कडधान्ये, ४६ किलो तेल, ४६ किलो शेंगदाणे आणि ५८ किलो गूळ-साखर लागेल. दूध रोज ४६ लिटर आणि केळी रोज २३० हवीत. कोरडा शिधा एकदम, भाजी एक दिवसाआड आणि दूध रोज दोन वेळा, अशी खरेदीची विभागणी करावी. केळी एकाच वेळी पिकलेली घेऊ नयेत; निम्मी पिकलेली, निम्मी कच्ची घ्यावीत.

हिशोब चुकला तर मोठ्या संस्थांचीही फजिती होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या क्रीडाग्रामात पहिल्याच काही दिवसांत अंडी पुरत नसल्याच्या तक्रारी झाल्या व पुरवठा वाढवावा लागला. पहिले दोन दिवस खेळाडू नेमके किती खातात याचा अंदाज नसतो. म्हणून त्या दोन दिवसांसाठी दहा टक्के कोरडा शिधा जादा काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मनुष्यबळ

शालेय पोषण आहार योजनेत २६ ते १०० विद्यार्थ्यांमागे दोन स्वयंपाकी-मदतनीस धरले जातात. पण ते दिवसातील एका जेवणासाठी. शिबिरात पहाटेपासून रात्रीपर्यंत चूल पेटलेली असते. त्यामुळे एक मुख्य आचारी, दोन साहाय्यक, भाजी निवडण्या-चिरण्यासाठी दोन आणि भांड्यांसाठी दोन, अशी सात माणसे आवश्यक आहेत.

भाकरीचा हिशोब वेगळा करावा लागतो. रात्री प्रत्येकी दोन भाकरी धरल्या तर २३० भाकरी होतात. सराईत हाताला थापण्या-भाजण्यासह एका भाकरीस दोन मिनिटे लागली, तर एका तव्यावर तासाला ३० भाकरी निघतात. म्हणजे चार तवे आणि चार महिला दोन तास काम करतील तेव्हा पंगत वेळेवर बसेल. हे काम गावातील महिला बचत गटाकडे दिल्यास शिबिराला ताजी भाकरी मिळते आणि शिबिराचा पैसा गावात राहतो.

भोजनाचे वेळापत्रक

पुष्कळ ठिकाणी स्वयंपाक तयार झाला की जेवण, असा क्रम असतो. शिबिरात तो उलटा हवा. सरावाची वेळ आधी ठरवावी आणि तिच्यावरून चूल पेटविण्याची वेळ काढावी. भरपेट जेवणानंतर कठोर सरावापूर्वी सुमारे तीन तास जावेत. उपाशीपोटी धावल्यास भोवळ येते, आणि भरल्या पोटी धावल्यास पोटात कळ येते. म्हणून पहाटे ५.३० वाजता एक केळे व अर्धा पेला दूध. ६ ते ८.३० सराव, ८.४५ ला न्याहारी, १२.३० ला जेवण, ४ वाजता लिंबू सरबत व मूठभर फुटाणे, ४.३० ते ६.३० सराव; त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दूध, केळे किंवा मोड आलेली मटकी; आणि ८ वाजता रात्रीचे जेवण, असा क्रम सोयीचा आहे. सरावानंतरचा हा छोटा आहार टाळू नये. थकलेल्या स्नायूंची झीज भरून निघण्यास त्याचाच उपयोग होतो.

न्याहारीला पोहे, उपमा वा थालीपीठ. दुपारी पोळी, वरण-भात, रस्साभाजी, कोशिंबीर व ताक. रात्री ज्वारीची भाकरी, पालेभाजी व आमटी, असा साधा, ओळखीचा आहार ठेवावा. शिबिर ही नवनवे पदार्थ खाऊ घालण्याची जागा नव्हे. अनोळखी व अतितिखट पदार्थांनी पोट बिघडते.

शिबिरार्थींना लेणी दाखविण्याचा बेत असल्यास दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लेणी सोमवारी बंद असतात, आणि लेण्यांच्या आत खाद्यपदार्थ नेऊ नयेत. त्या दिवशी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी व गूळ अशी शिदोरी द्यावी आणि ती बाहेर सावलीत बसून खावी. भात-आमटीचे डबे उन्हात नेणे धोक्याचे आहे.

पाणी आणि स्वच्छता

पिणे, स्वयंपाक व भांडी यांसाठी दर माणशी २० लिटर धरले तरी रोज २,३०० लिटर पाणी लागते. अंघोळीचे पाणी यात धरलेले नाही. टाकीतील १,००० लिटर स्वच्छ पाण्यास चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. ती आधी थोड्या पाण्यात कालवून, निवळ तेवढी टाकीत ओतावी आणि किमान अर्धा तास, शक्यतो एक तास थांबून पाणी वापरावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून रोज ओ. टी. चाचणी करून घ्यावी.

अन्नाच्या बाबतीत काळ आणि उष्णता हे दोन शत्रू आहेत. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसहून अधिक गरम ठेवावे. ते शक्य नसेल तर दोन तासांच्या आत संपवावे. भाताविषयी विशेष दक्षता हवी. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजण्यातूनही वाचतात, भात कोमट राहिल्यास वाढतात, आणि त्यांनी निर्माण केलेले एक विष भात पुन्हा तापविल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून दुपारचा भात रात्री फोडणीला टाकण्याची घरगुती काटकसर शिबिरात कटाक्षाने टाळावी. उन्हाळ्यात खवा, बासुंदी, श्रीखंड यांनाही फाटा द्यावा.

प्रत्येक जेवणापूर्वी अर्धा तास दोन जबाबदार व्यक्तींनी अन्न चाखून वहीत सही करावी आणि प्रत्येक पदार्थाचा नमुना झाकून, थंड जागी २४ तास ठेवावा. जुलाब, ताप किंवा हाताला जखम असलेल्या स्वयंपाक्यास भरपगारी रजा द्यावी. मजुरी बुडेल या भीतीने आजार लपविला जातो, आणि त्याची किंमत शंभर मुलांना मोजावी लागते.

पंगत आणि वाढप

या जिल्ह्यातच सामुदायिक भोजनाची एक प्राचीन खूण सांगितली जाते. वेरूळच्या पाचव्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्यात लांबलचक दालनाच्या मधोमध दोन बुटके दगडी बाक समांतर कोरलेले आहेत. ते भिक्षूंच्या भोजनासाठी किंवा पठणासाठी असावेत, असे अभ्यासक मानतात. एका रांगेत, एकाच उंचीवर, समोरासमोर बसण्याची ती रचना आजच्या भोजनगृहालाही अनुकरणीय आहे.

एका ताटाला २० सेकंद लागली तर एकाच रांगेतून १०० ताटे वाढण्यास ३३ मिनिटे लागतात. दोन रांगा केल्यास १७ मिनिटे. उन्हातून आलेल्या भुकेल्या मुलांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. वाढण्यासाठी एकाच मापाची ओगराळी व डाव वापरावेत, म्हणजे ओळखीच्यास दाट आणि अनोळखीस पातळ, असा प्रकार होत नाही. वाढपाची पाळी सर्व खेळाडूंवर, मुलामुलींवर सारखीच यावी. जात, गाव किंवा खेळ यांनुसार वेगळे गट बसू देऊ नयेत. उपवास, रोजा, अंडे खाणे-न खाणे यांची नोंद प्रवेशपत्रातच घ्यावी आणि तिचा मान राखावा.

मुलींच्या आहाराकडे विशेष लक्ष हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सर्वांचे झाल्यावर उरेल ते खाण्याची सवय पुष्कळ मुली घरून घेऊन येतात आणि शिबिरातही ‘पुरे’ म्हणून लवकर उठतात. त्यांना पहिल्या पंगतीत बसवावे व दुसऱ्यांदा आग्रहाने वाढावे. पालेभाजी व कडधान्यांसोबत लिंबू द्यावे. जेवणाबरोबर चहा देऊ नये, कारण चहामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा येतो.

उरलेले अन्न आणि नोंदी

रोज रात्री उरलेले अन्न मोजावे. परंतु पातेल्यात उरलेले आणि ताटात टाकलेले यांची नोंद वेगवेगळी करावी. पातेल्यात उरले तर शिध्याचा अंदाज चुकला. दुसऱ्या दिवशी तो कमी करता येतो. ताटात टाकले गेले तर चव, वाढप किंवा मुलांची प्रकृती यांपैकी कशात तरी दोष आहे. कोणी दोन जेवणे अर्धवट सोडली, तर वाढप्याने ते मार्गदर्शकास कळवावे. आजार, दुखापत, घरची आठवण किंवा वजन घटविण्याचा चुकीचा हट्ट यांची पहिली चाहूल मैदानावर लागत नाही, ती भोजनगृहात लागते.

साठा नोंदवही, रोजचे मागणीपत्रक, चव नोंदवही आणि उरलेल्या अन्नाची नोंद, अशा चार वह्या पुरेशा आहेत. त्या व्यवस्थित ठेवल्यास पुढच्या वर्षीच्या शिबिराची अर्धी आखणी तयारच असते.

समारोप

दहा दिवसांत कोणी विक्रमवीर होत नाही. परंतु केव्हा खावे, किती खावे, सरावानंतर काय खावे, हात धुऊन व एका पंक्तीत बसून कसे जेवावे, हे दहा दिवसांत निश्चित शिकता येते आणि घरी नेता येते. शिबिर संपताना प्रत्येक खेळाडूला घरच्याच जिनसांतून बेतलेला आहाराचा एक तक्ता द्यावा : ज्वारी, हरभरा, शेंगदाणे, गूळ, शेवगा, ताक. या जिनसा अजिंठ्याच्या परिसरात परक्या नाहीत. त्यांचे प्रमाण आणि वेळ कळणे, हेच नवे आहे. ते ज्ञान मुलांबरोबर घरोघरी पोहोचले, तर शिबिराच्या स्वयंपाकगृहावर झालेला खर्च सत्कारणी लागला, असे म्हणता येईल.