एका पत्त्याचे दोन धनी : घरातील आयपी पत्त्यांचा घोळ आणि त्याचा उलगडा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडून इतिहासविषयक लेखाची अपेक्षा केली होती. ती या वेळी पुरी होत नाही, याबद्दल क्षमस्व. परंतु गेली काही वर्षे माजी विद्यार्थी आणि पालक यांचे जे दूरध्वनी आम्हांला येतात, त्यांत इतिहासापेक्षा "सर, घरातले नेट मधूनच जाते, काय करावे?" हा प्रश्न अधिक असतो. आम्ही स्वतः या दुखण्यातून गेलो आहोत आणि ती हकिकत भेटेल त्याला सांगत आलो आहोत. ती एकदा लिहूनच काढावी, असे ठरविले.

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या कन्येची पदव्युत्तर प्रवेशासाठीची मुलाखत ऑनलाइन होती. सकाळी तिची प्रमाणपत्रे छापून हाताशी ठेविली, दार लोटले आणि आम्ही बाहेर श्वास रोधून बसलो. दहाव्या मिनिटाला ती रडवेली होऊन बाहेर आली. परीक्षकांचा आवाज तुटत होता, चित्र गोठत होते आणि शेवटी संपर्कच गेला. लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक सूचना आली होती : या नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकाचा आयपी पत्ता हाच आहे. आमच्या हातातील मोबाईल मात्र त्याच वाय-फायवर बिनघोर चालत होता. परीक्षकांनी समजूतदारपणे आठवड्यानंतरची वेळ दिली. त्या आठवड्यात नेट दुरुस्त करणे हे घरातील एकमेव काम होऊन बसले.

तंत्रज्ञ आले. सूचना न वाचताच त्यांनी "राउटर गेला" असे निदान केले. आम्ही अठराशे रुपये मोजून नवा राउटर बसविला. दोन दिवस सुरळीत गेले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अखेरीस पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. त्याने राउटरचे नावही काढले नाही. विचारले, "सर, हा त्रास सुरू होण्याआधी घरात नवीन काय आले?" आम्ही म्हणालो, "काहीच नाही." तोच स्वयंपाकघरातून सहचारिणीचा आवाज आला, "प्रिंटर नाही का आणलात?" घटनेच्या आधी काय घडले ते पाहा, असे वर्गात तीस वर्षे सांगणाऱ्या माणसाला हा प्रश्न दुसऱ्याने विचारावा लागला, याची लाज आजही वाटते.

आता मूळ विषयाकडे वळू. वसतिगृहात राहिलेल्यांना टपालवाटप आठवत असेल. जेवणाच्या वेळी नाव पुकारले जाई आणि जो "हजर" म्हणे त्याच्या हाती पत्र पडे. एकाच नावाची दोन मुले असली की एकाच्या आईचे पत्र दुसरा वाची. घरातील नेटवर्कचे काम बव्हंशी असेच चालते. प्रत्येक उपकरणाला दोन ओळखी असतात. एक कारखान्यातून मिळालेली, तिला मॅक पत्ता म्हणतात. दुसरी या घरापुरती मिळालेली, तो आयपी पत्ता. राउटरला १९२.१६८.१.४ या पत्त्यावर काही पोहोचवायचे असले की तो सर्वांना उद्देशून पुकारा करतो : "हा पत्ता कोणाचा?" ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता सांगतो आणि राउटर ते उत्तर काही काळ लक्षात ठेवतो. या पुकाऱ्याच्या रीतीला एआरपी म्हणतात; ती १९८२ साली लेखी स्वरूपात मांडली गेली. तिच्यात उत्तर देणाऱ्याची शहानिशा नाही. दोघांनी हात वर केला तर शेवटचे उत्तर खरे धरले जाते. म्हणूनच या दोषात नेट पूर्ण बंद पडत नाही. ते येते, जाते, पुन्हा येते, आणि माणूस केबलला, पावसाला व कंपनीला दोष देत राहतो. आमच्या कन्येच्या मुलाखतीचा आवाज प्रिंटरकडे जात होता आणि प्रिंटर तो निमूटपणे टाकून देत होता.

मग एकच पत्ता दोघांना मिळतोच कसा? सामान्यतः पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो. त्या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. राउटर पत्ता कायमचा देत नाही, मुदतीने देतो. अनेक घरगुती राउटरांत ती मुदत एक दिवसाची असते. वाटप एकाच हाती असेपर्यंत गोंधळ होत नाही. परंतु एखाद्या उपकरणात कोणी हाताने पत्ता भरून ठेविला असेल, तर त्याची नोंद राउटरच्या वहीत नसते. आमचा प्रिंटर एका बंद झालेल्या कार्यालयातून स्वस्तात घेतलेला होता. तेथे कोणी तरी त्यात १९२.१६८.१.४ हा पत्ता कायम करून ठेविला होता. प्रिंटर बंद असताना राउटरच्या दृष्टीने तो क्रमांक मोकळाच होता. त्याने तो लॅपटॉपला दिला. मुलाखतीच्या सकाळी प्रमाणपत्रे छापण्यासाठी प्रिंटर सुरू केला आणि तो तसाच सुरू राहिला. नव्या राउटरनेही त्याच मालिकेतून वाटप केले, तेव्हा दोष राहिलाच. मधले दोन दिवस सुरळीत गेले, कारण त्या दोन दिवसांत आम्ही काही छापले नव्हते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शेजाऱ्यांच्या घरीही १९२.१६८.१.४ हाच पत्ता दिसला म्हणून कोणी तरी आपले नेट चोरते, असे काही पालक सांगतात. तसे नाही. आज सर्वाधिक रूढ असलेल्या पद्धतीत एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. ते जगाला पुरणार नाहीत हे ध्यानी आल्यावर फेब्रुवारी १९९६ मध्ये काही मालिका घरे व कार्यालये यांच्या अंतर्गत वापरासाठी निश्चित केल्या गेल्या. १९२.१६८ ने सुरू होणारी मालिका त्यांपैकीच एक. ती प्रत्येक घराने स्वतंत्रपणे वापरावी अशीच योजना आहे. संघर्ष होतो तो एकाच राउटरच्या छत्राखाली.

शोध कसा घ्यावा? प्रथम सूचना अक्षरशः उतरवून घ्यावी आणि त्या क्षणी घरात काय काय सुरू होते ते लिहावे. आमच्या अनुभवात निम्मा उलगडा येथेच होतो. मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट ही काळी खिडकी उघडून इंग्रजीत 'आयपीकॉन्फिग' हा शब्द लिहावा. आपला पत्ता दिसतो. तो टिपून लॅपटॉप नेटवर्कपासून पूर्णतः तोडावा आणि घरातील दुसऱ्या संगणकावरून त्याच पत्त्याला 'पिंग' करावे, म्हणजे हाक मारून पाहावे. लॅपटॉप जोडलेला नसतानाही उत्तर आले, तर त्या पत्त्यावर दुसरा कोणी बसला आहे हे सिद्ध झाले. मात्र उत्तर न आल्यास तो पत्ता मोकळाच आहे असे समजू नये. कित्येक उपकरणे पिंगला उत्तर न देण्याच्या बेतानेच ठेवलेली असतात. साधनांचे मौन म्हणजे घटनेचा अभाव नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस सांगणे नलगे.

तो दुसरा कोण, हे पाहण्यास दुसऱ्या संगणकावर 'एआरपी', मग मोकळी जागा, मग आडवी रेघ व 'ए' हे अक्षर लिहावे. पत्ते आणि त्यांपुढे मॅक क्रमांक यांची यादी येते. मॅक क्रमांकाच्या पहिल्या तीन जोड्यांवरून निर्माता कंपनी ओळखता येते. आम्हांला तेथे प्रिंटरच्या कंपनीचा पत्ता लागला. मोबाईलच्या बाबतीत मात्र ही खूण फसवी ठरते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खासगीपणासाठी बनावट मॅक क्रमांक दाखवितात. हे काहीच जमत नसेल तर जुना मार्ग आहेच : एकेक उपकरण बंद करावे आणि कोणते बंद केल्यावर त्रास थांबतो ते पाहावे. वेळ लागतो, पण पैसे लागत नाहीत.

उपाय शोधापेक्षा सोपा. प्रिंटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'मॅन्युअल' किंवा 'स्टॅटिक' असेल तेथे 'ऑटोमॅटिक' किंवा 'डीएचसीपी' करावे. विंडोजमध्ये हेच 'आयपी असाइनमेंट' या ठिकाणी सापडते. प्रिंटरचा पत्ता बदलू नये असे वाटत असेल, तर तो राउटरमध्येच त्याच्या नावे राखून ठेवावा. बहुतेक राउटरांत 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' अशी सोय असते. कॅमेऱ्यासारख्या वस्तूला हाताने पत्ता द्यावाच लागला, तर तो वाटपाच्या मालिकेबाहेरचा द्यावा. राउटर १०० ते १९९ वाटत असेल, तर ५० घ्या.

पुष्कळ जण राउटर बंद करून चालू करतात. त्याने कधी गुण येतो आणि कधी नेमके उलटे होते. काही स्वस्त राउटर बंद होताच आपली वाटपाची वही विसरतात. उपकरणे मात्र आपला जुना पत्ता धरून असतात, आणि राउटर तोच पत्ता तिसऱ्याला देऊन टाकतो. म्हणून आधी सर्व उपकरणे बंद करावीत, मग राउटर सुरू करावा, तो स्थिरावल्यावर एकेक उपकरण जोडावे.

दुमजली घरांत आणखी एक प्रकार आढळतो. वरच्या मजल्यावर नेट पोहोचत नाही म्हणून जुना राउटर तेथे लावला जातो. तोही स्वतःला मुख्य समजून पत्ते वाटू लागतो. कित्येकदा दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ हाच असतो. अशा वेळी वरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि तार त्याच्या 'वॅन' छिद्रात न घालता 'लॅन' छिद्रात घालावी. आधी सेटिंग, मग तार. हा क्रम मोडल्यास वरचा राउटर सापडणेच कठीण होते. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर तो संघर्ष बहुधा नसतो. राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि उपकरणाने स्वतःच तात्पुरता घेतला, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा तार किंवा राउटर तपासावा.

कन्येची दुसरी मुलाखत पाऊण तास अखंड चालली. त्या दिवशी खबरदारी म्हणून आम्ही प्रिंटरची पिनही काढून ठेविली होती, जरी त्याची आता गरज नव्हती. प्रिंटरला आता १९२.१६८.१.५० हा पत्ता राखून दिला आहे आणि तो लिहिलेली चिठ्ठी कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस चिकटविली आहे. आणि जो राउटर "गेला" होता, तो गेली काही वर्षे आमच्या मेहुण्यांच्या वरच्या मजल्यावर, डीएचसीपी बंद करून, उत्तम चालतो आहे.