मॉडेल विमानाचा कॅमेरा आणि कायद्यात बसणारी फ्रिक्वेन्सी : सातवी-आठवीसाठी एक पाठ



आमच्या सातवीतल्या एका मुलाने मामाने पाठवलेलं थर्माकोलचं विमान शाळेत आणलं. नाकावर पेराएवढा कॅमेरा, पोटात व्हिडिओ ट्रान्समीटर. "बाई, वरून दिसणारं सगळं मैदान चष्म्यात दिसतं!" मी विचारलं, चॅनेल कोणता लावलास? म्हणाला, "आर ८. सगळ्यात शेवटचा, तिथे कोणी नसतं."

अडचण नेमकी तिथेच होती. यंत्रावर चॅनेल आहे म्हणजे तो वापरायची परवानगी आहे, असं मोठी माणसंसुद्धा धरून चालतात. रेडिओ लहरी म्हणजे गावचं गायरान नव्हे. भारतात कोणती फ्रिक्वेन्सी कोणी वापरायची, हे दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा ठरवते.

मग या विमानाला कोणती? ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास मोबाइल कंपन्यांचं जाळं आहे. १२०० ते १३०० मध्ये जीपीएसचा दुसरा सिग्नल (१२२७.६) येतो, 'लांब पल्ला' म्हणून असे संच ऑनलाइन विकतात, पण हा पट्टा विनापरवाना नाही. २४०० ते २४८३.५ खुला आहे, मात्र विमानाचा रिमोट बहुधा त्यावरच चालतो. शेजारीच व्हिडिओचा गोंगाट सुरू केला तर रिमोटचं म्हणणं विमानाला ऐकूच येत नाही, आणि विमान जातं आंब्याच्या झाडात नाहीतर कुणाच्या डोक्यावर. म्हणून उरतो ५.८ गिगाहर्ट्झ. (३०० भागिले मेगाहर्ट्झ केलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ५८०० ला ती साधारण ५.२ सेंटीमीटर येते. मुलांना पट्टीवर मोजायला लावा, मजा येते.)

आता फळ्यावरचं गणित. २०१८ च्या नियमांनी ५७२५ ते ५८७५ हा पट्टा वायफायसारख्या यंत्रांसाठी विनापरवाना केला. त्याखालच्या ५४७० ते ५७२५ च्या अटी वेगळ्या, म्हणून तो मी पाठात घेत नाही. रेसबँडचे आठ चॅनेल असे: ५६५८, ५६९५, ५७३२, ५७६९, ५८०६, ५८४३, ५८८०, ५९१७. साध्या ॲनालॉग व्हिडिओला सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंदी लागते. म्हणजे प्रत्येक आकड्यात १० मिळवा, १० वजा करा, आणि दोन्ही टोकं पट्ट्यात बसतात का बघा. मुलांनी उत्तर काढलं: पूर्ण बसतात ते फक्त आर ४, आर ५, आर ६. आर ३ खालून थोडा सांडतो, आर ७ वरून. आर ८ तर पूर्णच बाहेर!

एफ बँडमध्ये (५७४० पासून वीस-वीसच्या अंतराने ५८८० पर्यंत) आठांपैकी सात बसतात. पण तिथे दोन शेजारी चॅनेल एकमेकांना खेटून असतात. दोन मुलांनी एकदम उडवलं की एकाच्या चष्म्यात दुसऱ्याचं चित्र घुसतं. रेसबँडमध्ये ३७ चं अंतर असतं, तिथे हा त्रास कमी. ई बँडचा ५६४५ मात्र कधीच लावू नये. ५६०० ते ५६५० मध्ये जगभर हवामान रडार चालतात, आणि पाऊस ओळखणाऱ्या यंत्राच्या वाटेत आपलं खेळणं यायला नको.

एक गोष्ट पालकांसाठी. आकडा बसला तरी काम संपत नाही. त्या ट्रान्समीटरला डब्ल्यूपीसीची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला मिळालेली मान्यता, लागते. खरेदीआधी विक्रेत्याकडे तिचा क्रमांक मागा. पॉवर कमीत कमी ठेवा. मैदानापुरते २५ मिलिवॅट पुष्कळ होतात. आणि उडवायची परवानगी हा वेगळाच विषय, त्यासाठी डिजिटल स्कायचा नकाशा बघावा.

आमच्या विमानाच्या खोक्यावर ईटीए क्रमांक नव्हता. मुलाचा चेहरा उतरला. सध्या विमान उडतं ते ट्रान्समीटरची वायर काढून. मामाला क्रमांक विचारणारा मेसेज त्यानेच लिहिलाय, उत्तर अजून यायचंय.