पाच रुपयांचा शेअर खरंच स्वस्त असतो का?



लातूरच्या एका तरुणाने मला विचारलं, "सर, डाळ मिलसाठी चार लाख जमवलेत. कर्ज मंजूर व्हायला सहा महिने लागतील. तोवर पाच-पाच रुपयांचे शेअर घेऊन ठेवू का?" व्हिडिओत मी फक्त "नको" म्हणालो. का नको, ते इथे नीट समजून घेऊ.

आधी हिशोब. समजा, 'क' कंपनीचा शेअर ५ रुपयांना आहे आणि एकूण शेअर १०० कोटी. म्हणजे बाजार अख्ख्या कंपनीची किंमत ५०० कोटी लावतोय. वर्षाचा नफा किती? १ कोटी. 'ख' कंपनीचा शेअर ४०० रुपयांना, पण एकूण शेअर १० लाखच. कंपनीची किंमत ४० कोटी, नफा ५ कोटी. आता सांगा, स्वस्त कोण? 'क'मध्ये तुम्ही ५०० वर्षांच्या नफ्याएवढे पैसे मोजताय, 'ख'मध्ये ८ वर्षांच्या. यालाच पी.ई. म्हणतात.

पण पी.ई. कमी म्हणून लगेच उडी मारायची नाही. मार्केट यार्डात सोयाबीन भावापेक्षा कमी दरात मिळालं, तर आपण आधी ओलावा आणि माती बघतो ना? तसंच इथे चार गोष्टी बघा:

१. पाच वर्षांत नफा सातत्याने झालाय का?
२. नफा खरंच रोख आलाय, की सगळी उधारीच?
३. कर्ज किती?
४. मालकांनी स्वतःचे शेअर गहाण ठेवलेत का?

हे सगळं शेअर बाजाराच्या वेबसाइटवर फुकट मिळतं.

आता आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. गावातल्या अनेकांनी तिचे शेअर घेतले. १९६६ मध्ये वडील गेले आणि २१ वर्षांच्या अझीम प्रेमजींनी कारभार हाती घेतला. तेल, साबण, मग संगणक, मग सॉफ्टवेअर. तीच आजची विप्रो! ज्यांनी कागद सांभाळले, त्यांचे शेअर बोनसने वाढत गेले आणि घरंच्या घरं श्रीमंत झाली. पण ज्याला मध्येच गरज पडली आणि ज्याने विकले, त्याच्या हाती हे फळ लागलं नाही.

दुसरी बाजूही बघा. नांदेडची उस्मानशाही मिल एकेकाळी शहराचा मोठा आधार होती. तीही बंद पडली. म्हणजे नुसतं धरून बसणं पुरेसं नाही, दरवर्षी धंदा तपासावा लागतो. आणि सगळे पैसे एकाच कंपनीत तर कधीच नाही.

आता त्या तरुणाकडे वळू. त्याच्या पैशांना सहा महिन्यांची मुदत आहे, चांगल्या छोट्या कंपनीला पाच-सात वर्षं लागू शकतात. शिवाय छोट्या शेअरला पडत्या बाजारात गिऱ्हाईकच मिळत नाही. मशीनचे पैसे भरायच्या दिवशी शेअर विकलाच गेला नाही तर? मिल राहील बाजूला!

म्हणून धंद्याचं भांडवल आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत. पाच वर्षं लागणार नाहीत, तेवढेच पैसे शेअरमध्ये.

गृहपाठ: तुम्ही ज्या धंद्यात आहात, त्याच धंद्यातली एक छोटी कंपनी निवडा आणि वरचे चार प्रश्न वहीत सोडवा. शेअर लगेच घेऊ नका. आधी वही भरू द्या!