हबसाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर हवे काय?

संगणक-कक्ष उभारताना आम्हांस हा प्रश्न पडला. कारण सॉफ्टवेअरवर जाणारा प्रत्येक रुपया ग्रंथालयाच्या पुस्तकांतून वजा होणार होता. उपकरणाचे कार्य अभ्यासताच उत्तर मिळाले. साधा हब एका तारेतून आलेला संकेत उरलेल्या सर्व तारांत पाठवितो. तो पत्ता वाचत नाही, निवड करीत नाही. ज्यात ठरविण्याजोगे काहीच नाही, त्याची मांडणी ती कसली? व्यवस्थापनक्षम स्विचमध्ये जाळ्याचे विभाग पाडता येतात. परंतु ते कामही बहुधा ब्राउझरमधून किंवा कन्सोल-तारेने होते. अनेक इमारतींतील शेकडो उपकरणांवर एकत्र देखरेख ठेवावयाची असेल, तेव्हा स्वतंत्र सॉफ्टवेअर उपयोगी पडते. त्यासाठी १९८८ पासून एसएनएमपी हा नियमसंच उपलब्ध आहे. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्यास एवढेच विचारावे : यात आम्ही ठरवावयाचे काय आहे?