घराचा हिशोब

(आपले घर असावे असे प्रत्येक कुटुंबाला वाटते. ते मिळवायला कष्ट लागतात, आणि टिकवायला हिशोब लागतो. सोलापूरच्या कामगारांच्या घरांची माहिती आणि घराचा हिशोब कसा मांडावा, हे या पाठात सांगितले आहे.)

सोलापूर हे कामगारांचे शहर आहे. इथल्या चादरी आणि टॉवेल दूरदूरच्या बाजारात जातात. एकीकडे यंत्रमागांची खटखट चालू असते, तर दुसरीकडे घराघरांतून बिड्या वळल्या जातात. बायका कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत आणतात. पाने भिजवून कापतात, बिड्या वळतात आणि मोजून परत देतात. त्यांना हजार बिड्यांमागे मजुरी मिळते. हे काम करणाऱ्यांत तेलुगू बोलणाऱ्या बायका आहेत, तशा उर्दू बोलणाऱ्याही पुष्कळ आहेत.

यांतील अनेक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या भाड्याच्या खोलीत राहिली. मालकाने खोली रिकामी करायला सांगितली की बोजाबिस्तरा उचलावा लागे. मुलांची शाळाही मधेच सुटे.

अनेक वर्षांच्या मागणीनंतर सोलापूरजवळ अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथे महिला बिडी कामगारांसाठी दहा हजार घरे उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना देण्यात आली. आदिवासींसाठी आयुष्य वेचणाऱ्या गोदूताई परुळेकर यांचे नाव या वसाहतीला दिले आहे. घराच्या खर्चाचे सरळ तीन वाटे होते. २० हजार रुपये केंद्र सरकारचे, २० हजार राज्य सरकारचे आणि २० हजार कामगार बाईचे. पुढे कुंभारीतच असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची ‘रे नगर’ ही वसाहत ठरली. त्यांतील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली.

मुलांनो, यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. सरकारची मदत मिळाली तरी आपला वाटा आपल्यालाच भरावा लागतो. तो कसा भरावा? त्यासाठी एक उदाहरण घेऊ.

एका घरात अम्मी बिड्या वळते आणि अब्बा रिक्षा चालवतात. दोघांची मिळून महिन्याची कमाई १५,००० रुपये आहे. खोलीचे भाडे ३,००० रुपये आहे. मुलगी नववीत शिकते. ती रोज रात्री एका वहीत जमा आणि खर्च लिहिते. दोन महिन्यांनी वही पाहिली, तेव्हा कळले की काटकसर केली तर दरमहा १,५०० रुपये बाजूला पडू शकतात. असे ४० महिने केले, तर ६०,००० रुपये साठतील.

पैसे ठेवायचे कुठे? मोहल्ल्यातील भिशीमुळे बचतीची सवय लागते हे खरे. पण भिशी चालवणारा निघून गेला, तर हातात पावतीही नसते. बँकेत किंवा पोस्टात आवर्ती ठेव ठेवली, तर पैसे सुरक्षित राहतात आणि त्यांवर व्याजही मिळते.

आता समजा, उरलेल्या रकमेसाठी या कुटुंबाने बँकेकडून दोन लाख रुपये कर्ज घेतले. व्याजाचा दर वर्षाला शेकडा ९ आहे. मुदत १० वर्षे ठेवली, तर दरमहा सुमारे २,५३४ रुपये हप्ता पडेल. मुदत १५ वर्षे ठेवली, तर हप्ता सुमारे २,०२९ रुपये होईल. दुसरा हप्ता हलका वाटतो. पण पहिल्या रीतीने एकूण व्याज सुमारे १ लाख ४ हजार रुपये होते, तर दुसऱ्या रीतीने १ लाख ६५ हजार. म्हणजे ६१ हजार रुपये जास्त!

मग दहा वर्षांची मुदतच चांगली, असे तुम्ही म्हणाल. जरा थांबा. नवे घर शहरापासून दूर आहे. बसभाड्याला महिन्याला १,५०० रुपये लागतील. घरपट्टी, पाणीपट्टी आणि सोसायटीची वर्गणी मिळून ५०० रुपये धरू. भाडे व बचत मिळून या कुटुंबाजवळ दरमहा ४,५०० रुपये आहेत. दहा वर्षांच्या मुदतीने खर्च ४,५३४ रुपये होतो. पंधरा वर्षांच्या मुदतीने तो ४,०२९ रुपये होतो आणि ४७१ रुपये हाती उरतात. आजारपणात किंवा काम बंद पडल्यावर तेच उपयोगी पडतात. म्हणून या कुटुंबाला पंधरा वर्षांची मुदतच सोयीची आहे. पुढे जास्त कमाई झाली, तर मुदतीआधीही रक्कम भरता येते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर त्यासाठी बँक दंड घेऊ शकत नाही.

निदान तीन हप्त्यांइतकी रक्कम वेगळी ठेवावी. तरीही हप्ता चुकणार असे दिसले, तर लपून बसू नये. आधीच बँकेत जाऊन साहेबांना अडचण सांगावी. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, तर ते कर्ज थकीत धरले जाते. मग ६० दिवसांची नोटीस देऊन तारण घर ताब्यात घेण्याची कारवाईही होऊ शकते. हप्ता भरण्यासाठी सावकाराकडे जाणे तर सर्वांत वाईट. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला शेकडा साठ! बँकेच्या नऊशी त्याची तुलना करून पाहा.

आणखी एक गोष्ट. घर विकत घेताना केवळ स्टँपपेपरवर सह्या करून किंवा नोटरीचा शिक्का घेऊन कोणी मालक होत नाही. खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात व्हावी लागते. करारनामा, पैसे भरल्याच्या पावत्या, ताबापत्र आणि कर्जाचे कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. घर विकण्यावर किंवा भाड्याने देण्यावर कोणत्या अटी आहेत, हेही वाचून घ्यावे.

हे कागद बहुधा मराठीत असतात. घरातील वडील मंडळींना मराठी वाचता येतेच असे नाही. तुम्हांला ते येते. शिवाय जमा, खर्च, हिशोब, बाकी, करार, मालक, हप्ता हे शब्द तर उर्दूतूनही तुमच्या ओळखीचे आहेत. म्हणून कागदावर सही किंवा अंगठा होण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवणे, ही तुमची जबाबदारी आहे. एखादा शब्द अडला, तर गुरुजींना किंवा बाईंना विचारा; पण न समजलेल्या कागदावर अम्मीचा अंगठा उठू देऊ नका.

शब्दार्थ
काटकसर – जपून खर्च करणे
आवर्ती ठेव – दरमहा ठरावीक रक्कम भरून केलेली बचत
तारण – कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू
थकीत – वेळेवर न भरलेले
ताबापत्र – घर ताब्यात दिल्याचा कागद

स्वाध्याय
१. कुंभारी येथील पहिल्या दहा हजार घरांचा खर्च कोणी कोणी उचलला?
२. पाठातील कुटुंबाला पंधरा वर्षांची मुदत का सोयीची ठरली?
३. भिशी आणि आवर्ती ठेव यांतील फरक सांगा.
४. आपल्या घरचा एका आठवड्याचा जमाखर्च मराठीत लिहा.