पत्रमैत्रीतून परभाषेचे शिक्षण

मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडीत दरवर्षी भराडीदेवीची जत्रा भरते. या जत्रेचा दिवस पंचांगातील तिथीवरून ठरत नाही; देवीचा कौल मिळाल्यानंतर तो जाहीर होतो. गावातील शाळकरी मुलांना यात काही नवल वाटत नाही. परंतु हीच गोष्ट जपानमधील किंवा जर्मनीतील समवयस्क मुलाला इंग्रजीतून कळवावयाची झाल्यास विद्यार्थ्याला थांबून विचार करावा लागेल. ‘कौल’ या शब्दाला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द नाही आणि पाठ केलेला निबंधही येथे उपयोगी पडणार नाही. वाचणाऱ्याला काय ठाऊक आहे व काय नाही, हे ओळखून सोप्या वाक्यांत अर्थ उलगडावा लागेल. परभाषेचा खरा अभ्यास येथूनच सुरू होतो. दोन देशांतील शाळांच्या पत्रमैत्रीचे शैक्षणिक मोल यातच आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. तथापि, ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला ही भाषा वापरण्याचे प्रसंग क्वचितच येतात. त्याचे लेखन शिक्षक तपासतात, गुण देतात आणि वही मिटते. पत्राचे तसे नसते. त्याची कोणीतरी वाट पाहत असते आणि मजकूर अस्पष्ट राहिला तर पलीकडून प्रश्न येतो.

शतकाहून जुना प्रयोग

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील इंग्रजीचे अध्यापक पॉल मिएय यांनी १८९७ च्या सुमारास फ्रेंच व इंग्रज विद्यार्थ्यांमध्ये पत्रव्यवहार सुरू करण्याचा पुरस्कार केला. लंडनचे संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी आपल्या ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’ या मासिकातून तिचा प्रसार केला. पुढे १९२६ मध्ये सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने दक्षिणेकडील डोंगराळ गावातील आपली शाळा ब्रिटनी किनाऱ्यावरील एका शाळेशी जोडली. मुलांनी स्वतः लिहिलेला व छापलेला मजकूर एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाऊ लागला. भाषा एकच असली, तरी डोंगरातील जीवन व समुद्रकाठचे जीवन परस्परांना समजावून सांगताना मुलांच्या लेखनाला हेतू लाभला.

परभाषा खेड्यातील मुलांच्या आवाक्याबाहेरची असते, ही समजूतही आता टिकणारी नाही. पूर्वीच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये विद्यार्थ्यांना एक परभाषा निवडण्यास सांगितले. यंत्रमानव व तंत्रज्ञानाची आवड असलेल्या अनेक मुलांनी जपानी निवडली आणि इंटरनेटच्या साहाय्याने ती शिकण्यास प्रारंभ केला.

पत्र कसे लिहावे

मसुरे परिसरातील मुलांची घरची बोली मालवणी असते. म्हणून प्रथम विषयावर मालवणीत मनमोकळे बोलणे व्हावे, नंतर मराठीत मुद्दे काढावेत आणि शेवटी परभाषेत पत्र लिहावे. गड नदी, कालावलची खाडी, भरती-ओहोटी, भातलावणी, भरतगड असे विषय हाताशी आहेत. ज्या विषयाची माहिती विद्यार्थ्याला पलीकडच्या मुलापेक्षा अधिक आहे, त्या विषयावर लिहिताना त्याचा संकोच गळून पडतो.

दोन्ही शाळा एकमेकींची भाषा शिकत असल्यास अर्धे पत्र स्वभाषेत व अर्धे परभाषेत असावे. असे केल्याने प्रत्येक बाजू आळीपाळीने शिकते आणि शिकवते. शिक्षकांनी प्रत्येक चूक दुरुस्त करू नये. अर्थाला बाध आणणाऱ्या चुका दाखवाव्यात व पुनर्लेखन विद्यार्थ्याकडूनच करून घ्यावे. शिक्षकाने घडविलेले निर्दोष पत्र परदेशी मुलाला भेटवते ते शिक्षकाला, विद्यार्थ्याला नव्हे.

अनुत्तरित पत्राचा धोका

असे उपक्रम बंद पडण्याचे नेहमीचे कारण भाषेचे अज्ञान नसून उत्तर न येणे हे आहे. वर्गातील काहींना पत्रे यावीत आणि काहींना येऊ नयेत, यासारखी निराशा बालमनाला दुसरी नाही. यास्तव प्रारंभी विद्यार्थ्याशी विद्यार्थी न जोडता वर्गाशी वर्ग जोडावा. पहिल्या दोन फेऱ्या सामुदायिक पत्रांच्या असाव्यात. वर्षातून तीनच पत्रे ठरवावीत, पण ती न चुकता जावीत. सुट्ट्यांचा मेळ आधीच घालावा; जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तर कोकणातील शाळा जूनमध्ये उघडतात. टपालाला विलंब होत असल्यास पत्र मिळाल्याची पोच शिक्षकांनी ई-मेलने द्यावी. पत्रव्यवहार शाळेच्या पत्त्यावरच व्हावा. घरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक पत्रात नसावेत आणि पालकांची संमती घेतलेली असावी.

गावाचा वाटा

कोकणाला पत्राचे महत्त्व सांगावयास नको. मुंबईच्या चाकरमान्याचे पत्र व मनीऑर्डर यांच्या आधारावर येथील कित्येक घरांनी दिवस काढले. वडीलधाऱ्यांची पत्रे वाचून दाखविण्याचे काम त्या काळी अनेकदा शाळकरी मुलांकडेच असे. आज शाळा व्यवस्थापन समितीने हा विषय बैठकीत घ्यावा, ग्रामपंचायतीने टपालखर्चाचा भार उचलावा आणि पोस्टमास्तरांनी वर्गात येऊन परदेशी टपालाची माहिती द्यावी. जागतिक टपाल संघ १९७१ पासून मुलांसाठी आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा घेत आला आहे. तिचाही सरावासाठी उपयोग होईल.

मात्र पहिले पत्र टाकण्यापूर्वी शाळेने एक निश्चय करावा: आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर जाईल. शिक्षकाची बदली झाली, तरी नव्या शिक्षकाच्या हाती पत्रांची नोंदवही सोपविली जाईल. एवढे पाळले गेले, तर दूरच्या देशातील एखाद्या वर्गात आंगणेवाडीच्या जत्रेचा दिवस केव्हा ठरला याची मुले वाट पाहतील आणि तो कळविण्यासाठी मसुऱ्यातील मुले आपणहून शब्द शोधू लागतील.